प्रोव्हिजन : शिधा की तरतूद?

प्रश्न : किराणा दुकानाच्या पाटीवर 'प्रोव्हिजन स्टोअर्स' असते आणि अर्थसंकल्पातही 'प्रोव्हिजन' येते. शब्द एकच का?

उत्तर : हो, एकच. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ पुढचे पाहणे. पुढचे पाहून पैसा राखून ठेवला की तरतूद. धान्य, तेल, मीठ भरून ठेवले की शिधा. शिध्याच्या अर्थी इंग्रजीत 'प्रोव्हिजन्स' असे अनेकवचन वापरतात. लांबच्या सफरीवर निघालेल्या शिडाच्या जहाजांवर खारवलेले मांस आणि दगडासारखी कडक बिस्किटे चढवत, ती प्रोव्हिजन्स. पाटीवरचे एकवचन चूक नाही (उगाच दुकानदाराला छळू नका!), तिथे तो शब्द विशेषणासारखा आला आहे. गोदामात विक्रीसाठी ठेवलेल्या मालाला मात्र 'स्टॉक'च म्हणा.