गावातल्या पोरांसाठी काम करायचंय? आधी खर्चाचा हिशेब मांडा

सुरुवात पगारापासून करू, कारण फी परवडते की नाही हे पगार कळल्याशिवाय ठरत नाही. केंद्र सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेखाली जिल्ह्याजिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष आहेत आणि तिथली पदं कंत्राटी आहेत. २०२२च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गावोगाव फिरणाऱ्या क्षेत्रीय कार्यकर्त्याला महिना १०,५९२ रुपये मिळतात. समुपदेशकाला आणि सामाजिक कार्यकर्त्याला १८,५३६, संरक्षण अधिकाऱ्याला २७,८०४ आणि जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याला ४४,०२३ रुपये. पहिल्या पदाला बारावी चालते. समुपदेशकाला समाजकार्य, समाजशास्त्र किंवा मानसशास्त्रासारख्या विषयाची पदवी लागते. जिल्हा अधिकाऱ्याच्या पदाला पदव्युत्तर शिक्षण आणि अनुभव दोन्ही.

बारावीच्या आणि पदवीच्या पदांत महिन्याला ७,९४४ रुपयांचा फरक पडतो, म्हणजे वर्षाला ९५,३२८. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कुठल्याही अभ्यासक्रमाचा एकूण खर्च त्याच्याशी ताडून पाहायचा आणि खर्च भरून निघायला दोन वर्षांपेक्षा फार जास्त लागत असतील, तर थांबून पुन्हा विचार करायचा.

आपल्या जालना जिल्ह्यात या कामाची गरज सांगत बसायला नको. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि मागे राहिलेल्या किंवा बरोबर गेलेल्या मुलांची शाळा तिथेच अडखळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, जालन्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी साधारण तीनांत एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. शेजारच्या पैठण तालुक्यात पाचोडला आरोग्य व्यवस्थापन संस्थेने किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्याचे वर्ग चालवून लग्नाचं वय पुढे ढकलण्याचं काम बरीच वर्षं केलं आहे. काम आहे आणि ते चांगल्या रीतीने करता येतं, हे आपल्याच भागात सिद्ध झालेलं आहे. प्रश्न एवढाच की ते शिकायचं कुठे आणि कितीत.

शिकायचं कुठे

इंग्लंडमध्ये युवक कार्यकर्त्यासाठी पायरीपायरीची व्यावसायिक प्रमाणपत्रं आहेत, वर मान्यताप्राप्त पदवीही आहे. आपल्याकडे आयटीआयमध्ये असा ट्रेड नाही. त्यामुळे बहुतेकांना समाजकार्याची वाट धरावी लागते. बारावीनंतर बीएसडब्ल्यू आणि कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू. नव्या शैक्षणिक धोरणामुळे तुम्ही निवडलेल्या कॉलेजात बीएसडब्ल्यू तीन वर्षांचं आहे की चार, तिसऱ्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडता येतं का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा.

जालना जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो, म्हणून पहिली चौकशी छत्रपती संभाजीनगरला आणि विद्यापीठाशी संलग्न समाजकार्य महाविद्यालयांत करायची. राज्यातली अनुदानित समाजकार्य महाविद्यालयं सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत आहेत. अनुदानित आणि विनाअनुदानित यांच्या फीत मोठी तफावत असते. त्यामुळे ‘फी किती’ याआधी ‘अनुदानित जागा आहे का’ हे विचारायला हवं.

दुसरा पर्याय तुळजापूर. टाटा समाजविज्ञान संस्थेचा, म्हणजे टिसचा, ग्रामीण परिसर १९८६ पासून तिथे आहे. प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो आणि परीक्षेचा अर्जच हजार-चौदाशेच्या घरात जातो. फी, वसतिगृह आणि खानावळ धरून वर्षाला लाखाच्या पुढेच हिशेब करा. पात्र मागासवर्गीय विद्यार्थ्यांना भारत सरकारच्या शिष्यवृत्तीमुळे त्यातला बराच भार हलका होतो. आपल्यासारख्याच कोरडवाहू गावांत काम करत शिकवणारी ही जागा आहे. गुण आणि पाठबळ असेल तर नुसत्या आकड्याला घाबरून ती सोडू नका.

युवक विकास याच नावाने शिकायचं असेल तर तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी राष्ट्रीय युवक विकास संस्था आहे. ती १९९३ साली स्थापन झाली आणि २०१२च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. पण भाषा वेगळी, घर लांब आणि क्षेत्रकार्य तिकडच्या गावांत. ज्याला परत जालन्यातल्या मंठा-परतूरलाच काम करायचंय त्याला मी हा पर्याय सुचवणार नाही.

नोकरी किंवा शेती सोडता येत नसेल तर इग्नूचं एमएसडब्ल्यू आहे. फी वर्षाला पंधरा ते वीस हजारांच्या दरम्यान धरा. यातही क्षेत्रकार्य सक्तीचं असतं, त्यामुळे नुसती पुस्तकं वाचून परीक्षा द्यायची अशी अपेक्षा ठेवू नका.

फी हा खर्चाचा लहान भाग

पालक फी विचारून घरी येतात आणि हिशेब तिथेच चुकतो. समाजकार्यात आठवड्यातले साधारण दोन दिवस क्षेत्रकार्य असतं. वस्तीत, शाळेत, रुग्णालयात किंवा एखाद्या संस्थेत जायचं, रोजचा अहवाल लिहायचा आणि मार्गदर्शक शिक्षकांपुढे तो मांडायचा. शिवाय ग्रामीण शिबिर, अभ्यास दौरा, लघुप्रबंधाचं टायपिंग-बाइंडिंग आणि शेवटी ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एखाद्या संस्थेत महिनाभर सलग काम. माहितीपत्रकात यांतले बरेच खर्च दिसत नाहीत.

एक ढोबळ ताळा करून पाहू. समजा, मंठ्याचा मुलगा एमएसडब्ल्यूसाठी संभाजीनगरला राहतो. फी वर्षाला २० हजार धरू. खोलीतला हिस्सा आणि खानावळ महिना साडेपाच हजार, दहा महिन्यांचे ५५ हजार. क्षेत्रकार्याचा प्रवास, चहापाणी, झेरॉक्स महिना दीड हजार, म्हणजे १५ हजार. शिबिर, दौरा, टायपिंग यांचे आठ हजार. वर्षाचे झाले ९८ हजार, दोन वर्षांचे १ लाख ९६ हजार. यात फी आहे जेमतेम पाचवा हिस्सा. त्याची पहिली पदवी दुसऱ्याच विषयाची आहे असं समजून पगारातला ९५ हजारांचा फरक धरला तर वसुलीला दोन वर्षांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो.

जालना शहरातली मुलगी रोज ये-जा करणार असेल तर चित्र बदलतं. जालना ते संभाजीनगर साधारण साठ किलोमीटर आणि जानेवारी २०२५च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीचं तिकीट शंभराच्या आसपास. विद्यार्थी पासला दोन-तृतीयांश सवलत असल्याने महिन्याला दोन हजार धरून चाला. म्हणजे वर्षाचा खर्च ६३ हजारांवर येतो. पण पास ठरलेल्या दोन थांब्यांपुरताच असतो आणि क्षेत्रकार्याचं गाव त्या वाटेवर असेलच असं नाही. तिथे महिलांसाठीची निम्म्या तिकिटाची सवलत उपयोगी पडते.

यापुढचा खर्च माहितीपत्रकात शोधूनही सापडणार नाही, तो म्हणजे दुचाकी. घनसावंगीकडच्या एखाद्या गावात किशोरी गटाची बैठक डोळ्यांसमोर आणा. कापूस वेचणीच्या दिवसांत मुली दिवसभर शेतात असतात. घरी येऊन पाणी भरून, भाकरी टाकून त्या समाजमंदिरात यायला सात-साडेसात वाजतात. अंधारात सतरंजी अंथरायची, हजेरीच्या वहीवर सह्या घ्यायच्या आणि मग कुठे बोलणं सुरू होतं. कोपऱ्यात बसलेली, तासभर एक शब्द न बोललेली मुलगी सगळ्या उठल्यावर मागे रेंगाळते आणि हळूच सांगते की पाहुणे बघून गेलेत. खरं काम तिथून सुरू होतं आणि तोवर शेवटची एसटी निघून गेलेली असते. एसटीच्या वेळेत बसणारं काम हे नव्हे.

एका बाजूने चाळीस किलोमीटर, जाऊन-येऊन ऐंशी. पन्नासचं अ‍ॅव्हरेज आणि पेट्रोल लिटरला १०५ धरलं तर फेरीला १६८ रुपये. महिन्यात वीस फेऱ्या झाल्या की ३,३६० रुपये. १०,५९२ पगार असलेल्या कार्यकर्त्याला हे खिशातून घालावं लागलं तर हातात राहतात ७,२३२. म्हणून मुलाखतीत न लाजता विचारा: प्रवासभत्ता वेगळा मिळतो की पगारातच धरलाय? किती किलोमीटरपर्यंत? बिल किती दिवसांनी निघतं? मुलींनी आणखी एक विचारावं, रात्री उशीर झाला तर सोबत कोण असतं. या प्रश्नांना सरळ उत्तर न देणाऱ्या संस्थेत जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पैसे न भरता आधी वर्षभर काम करून पाहा

समाजकार्याला प्रवेश घेण्यापूर्वी हे काम आपल्याला झेपतं का, हे फुकटात तपासता येतं आणि ते तपासावंच. कॉलेजात असाल तर राष्ट्रीय सेवा योजना आहे, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर. ३१ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालेल्या ‘मेरा युवा भारत’वर नोंदणीला पैसे लागत नाहीत. नेहरू युवा केंद्रातर्फे तालुक्याला राष्ट्रीय युवा स्वयंसेवक नेमले जात आले आहेत, दहावी पास, वय १८ ते २९, महिना ५,००० मानधन आणि जास्तीत जास्त दोन वर्षं. जाहिरातीसाठी जिल्हा युवा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात डोकावत राहा.

‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ हे नाव ऐकून बरेच जण फसतात. ती युवक कार्याचं प्रशिक्षण देत नाही. १८ ते ३५ वयाच्या तरुणांना कार्यालयात किंवा आस्थापनेत कामाचा अनुभव मिळावा म्हणून २०२४ मध्ये ती आली. विद्यावेतन बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. सुरुवातीला सहा महिने होते, पुढे मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. जागा महिला व बालविकासाच्या किंवा आरोग्याच्या कामात मिळाली तर मात्र आपल्या उपयोगाची. नंतर नोकरी मिळेलच असं ही योजना सांगत नाही.

गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेत २००६ पासून तरुणांसाठीच्या ‘निर्माण’ उपक्रमाची शिबिरं होतात. आपण नेमकं काय करावं असा प्रश्न पडलेल्या पदवीधराने तिथे अर्ज जरूर करावा.

शिष्यवृत्ती आणि कागद

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि त्यातला शुल्काचा भाग कॉलेजला भरायचा असतो. घरात अडचण असली की तो भाग खर्च होतो आणि निकालाच्या वेळी गुणपत्रिका अडते. पैसे आले त्याच आठवड्यात भरून पावती घ्या. वसतिगृह न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. संभाजीनगरसारख्या शहरात वर्षाला ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार, तालुक्याला ३८ हजार. इतर मागास, भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गासाठी त्याच धर्तीवर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मराठा आणि आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांनी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याची चौकशी करावी. हे पैसे बऱ्याचदा हप्त्यांनी आणि उशिरा येतात, त्यामुळे पहिल्या चार महिन्यांची सोय वेगळी करून ठेवा.

मुलींना फी पूर्ण माफ आहे असं गावात सर्रास सांगितलं जातं. जुलै २०२४चा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी आहे, तोही आठ लाखांची उत्पन्न मर्यादा आणि ठराविक प्रवर्ग यांच्या अटीवर. समाजकार्याला तो लागू होतो हे गृहीत धरून प्रवेश घेऊ नका, कॉलेजकडून लेखी घ्या.

उत्पन्न, रहिवासी, नॉन-क्रिमिलेअर आणि जात पडताळणीच्या शपथपत्रासाठी ५०० रुपयांचा मुद्रांक मागितला तर देऊ नका. विद्यार्थ्यांना त्यातून सूट आहे आणि मार्च २०२५ मध्ये सरकारने ती पुन्हा स्पष्ट केली आहे. साध्या कागदावर शपथपत्र चालतं.

इथे पैसे अडकवू नका

‘शासनमान्य युवा समुपदेशक डिप्लोमा, तीन महिने, नोकरीची हमी’ असा फलक दिसला की मान्यता कुणाची ते विचारा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असली म्हणून तिच्या अभ्यासक्रमाला मान्यता मिळत नाही. दूरशिक्षणाची पदवी असेल तर ती यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) यादीत हवी. सप्टेंबर २०२४ च्या सत्रापासून अशा प्रवेशाला विद्यार्थ्याचा स्वतःचा डीईबी आयडी सक्तीचा आहे. ‘आयडीची गरज नाही, आम्ही बघतो’ म्हणणाऱ्याकडे पैसे देऊ नका. स्वयंसेवकाच्या किंवा कंत्राटी नेमणुकीसाठी ‘अनामत’ आणि ‘किटचे पैसे’ मागणाऱ्यांपासूनही चार हात दूर राहा.

दोन कॉलेजांत निवड करायची झाली तर इमारत बघू नका. शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला गाठा आणि त्याची क्षेत्रकार्याची वही मागा. पानापानावर शिक्षकांचे शेरे असतील, चूक कुठे झाली ते लिहिलं असेल, तर ते कॉलेज पाच हजार महाग असलं तरी घ्या. नुसत्या सह्या असतील तर सोडा. त्या विद्यार्थ्याला पोक्सो कायद्याचं कलम १९ ठाऊक आहे का, हेही विचारा. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं हे कलम बंधनकारक करतं आणि न कळवल्यास शिक्षा आहे. मुलांत काम करणाऱ्याला हे पहिल्या महिन्यात शिकवायला हवं.

बारावीचा निकाल लागण्याआधीच उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, रहिवासी दाखला काढून आधार बँक खात्याला जोडून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रात रांगा लागतात, आणि महाडीबीटी संकेतस्थळावरचा अर्ज एका दाखल्यासाठी अडला तर वर्षाची शिष्यवृत्ती हातची जाऊ शकते.