दुधाचे प्रमाण आणि भाकड काळ : गाय केव्हा आटवावी?

बंगळूर येथे १९२३ मध्ये स्थापन झालेल्या दुग्धसंशोधन संस्थेचे मुख्यालय १९५५ मध्ये कर्नालला हलले. तिचे दक्षिण विभागीय केंद्र आजही आडुगोडी येथे आहे. त्या काळातील गोठ्यांपेक्षा आजच्या संकरित होल्स्टिन गायींच्या गोठ्यांतील प्रश्न निराळा आहे. गाय सात महिन्यांची गाभण असतानाही भरपूर दूध देते आणि पशुपालक तिला आटवण्यास कचरतो.

गायीच्या दुधाचे प्रमाण आणि भाकड काळाची लांबी यांचा संबंध बहुधा उलटा असतो. खिलारसारख्या कमी दुधाच्या गायी लवकर आटतात. त्यातच गर्भधारणा लांबली तर भाकड काळ अनेक महिन्यांचा होतो व गाय उत्पन्नाविना पोसावी लागते. अधिक दुधाच्या गायीचे दूध विण्याच्या तोंडापर्यंत टिकते, म्हणून तिचा भाकड काळ आखडतो.

भाकड काळ साधारण ६० दिवसांचा असावा. या काळात कासेतील जुन्या दुग्धपेशी झडून नव्या तयार होतात. तो ४० दिवसांहून कमी झाल्यास हे नूतनीकरण अपुरे राहून पुढील वेतात दूध घटते. आज मिळालेल्या दुधाची किंमत अशी पुढे मोजावी लागते. पहिल्या वेताच्या गायीबाबत विशेष दक्षता घ्यावी, कारण तिची स्वतःची वाढही चालू असते. उलट, फार लांबलेल्या भाकड काळात गाय लठ्ठ होऊन विण्यात व चयापचयात अडचणी येतात.

तारीख कशी काढावी? रेतनाच्या दिवसापासून सुमारे २८० दिवसांनी गाय विते. १० जानेवारीला रेतन झाले असल्यास विण्याची अंदाजे तारीख १७ ऑक्टोबर व आटवण्याची १८ ऑगस्ट येते. रेतनाची नोंद नसेल तर हा हिशेब करता येत नाही.

आटवताना
- दूध १५ लिटरहून अधिक असल्यास आठवडाभर आधी खुराक कमी करावा व धारा कमी कराव्यात; पाणी मात्र तोडू नये.
- भरलेल्या कासेमुळे सडाचे तोंड लवकर बंद होत नाही व कासदाहाचा धोका वाढतो. शेवटच्या धारेनंतर सडांत सोडावयाचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावे.
- माश्या सडांच्या टोकांना चावतात व जंतू पसरवतात. शेण-मूत्र साचू देऊ नये. शेणखताचा खड्डा गोठ्यापासून दूर असावा.