नोकरी सोडून गालिचे धुवायचे?

प्रश्न : वय ४७. बँकेतली नोकरी सोडून मी आणि पत्नी पुण्यात कार्पेट-सोफा सफाईची फ्रँचायझी घ्यायचा विचार करतोय. घ्यावी का?

उत्तर : राजीनामा देण्याआधी सुट्टी काढा आणि आठवडाभर एखाद्या चालू फ्रँचायझीबरोबर मशीन उचलून जिने चढा. हे काम अंगमेहनतीचं आहे. गरम पाणी फवारून ओढून घेणं सोपं दिसतं, पण लोकरीच्या गालिच्यात पाणी जास्त मुरलं की रंग पसरतो, वास धरतो. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, तेव्हा मागणीही मंदावते. आपल्याकडे घरोघरी गालिचे नसतात. उत्पन्न सोफे, गाद्या आणि ऑफिसांच्या वार्षिक करारांतून येईल.

रॉयल्टी नफ्यावर की उलाढालीवर, हे करारात आधी वाचा. उलाढालीवर असेल तर तोट्याच्या महिन्यातही ती द्यावी लागते. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदाच मुख्य आधार, म्हणून सही करण्याआधी करार वकिलाला दाखवाच. कंपनी यशस्वी लोकांचे नंबर देईल. तुम्ही मात्र फ्रँचायझी सोडून गेलेल्यांना शोधा. आणि वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवा, त्याला हात लावू नका.