कीर्तनाचं रेकॉर्डिंग आणि ‘रिअलटाइम’चा मोह

सप्ताहांचे दिवस आले की नेवासा-शेवगाव पट्ट्यात आम्हा रेकॉर्डिंगवाल्यांना उसंत नसते. मिक्सरमधून वायर काढायची, ऑडिओ इंटरफेसला जोडायची आणि कीर्तन लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं. तक्रार सगळ्यांची एकच: पखवाज रंगात आला की नेमका मध्येच ‘टक्’ होऊन आवाज तुटतो. त्यावर हातोहात मिळणारा उपायही एकच: टास्क मॅनेजर उघडा, ‘डिटेल्स’मध्ये सॉफ्टवेअरवर राइट क्लिक करा, प्रायॉरिटी ‘रिअलटाइम’ करून टाका.

एका काल्याच्या कीर्तनाला माझ्या जोडीदाराने तेच केलं. लॅपटॉप जुना, दोन कोअरचा. थोडा वेळ ठीक चाललं. मग रेकॉर्डिंगवरच रिव्हर्ब लावला आणि माउसचा बाण जागीच थिजला, कीबोर्डही दाद देईना. रेकॉर्डिंग थांबवायचं बटण समोर दिसत होतं, पण दाबता येत नव्हतं. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं. फाइल नीट बंद झालीच नव्हती; डिस्कवर उतरायचा राहिलेला भाग गेला तो गेलाच.

यामागचं कारण समजून घ्या. विंडोजमध्ये प्राधान्याच्या ० ते ३१ पायऱ्या आहेत. साधा प्रोग्राम ८ वर असतो, ‘हाय’ १३ वर, ‘रिअलटाइम’ थेट २४ वर. इतक्या वर चढलेला प्रोग्राम प्रोसेसर सोडेना झाला, की माउस हलवणारी आणि डिस्कवर लिहिणारी कामं खोळंबतात. शिर्डीच्या दर्शनबारीत व्हीआयपींना पुढे सोडत राहावं आणि दरवाजाची किल्ली ज्याच्याकडे आहे तोच मागे रांगेत अडकावा, तशी गत. काहीजण म्हणतात, ‘आम्ही रिअलटाइम केलं, काहीच बिघडलं नाही.’ ॲडमिनचे अधिकार नसतील तर विंडोज गुपचूप ‘हाय’वरच थांबतं; अनेकदा त्याचा अर्थ एवढाच असतो.

शिवाय आवाज तुटण्याचं कारण अनेकदा भलतीकडेच असतं. वाय-फायच्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवला तर ३१ व्या पायरीवरच्यालाही थांबावं लागतं. ड्रायव्हरचं ते तातडीचं काम या सगळ्या पायऱ्यांच्या वर चालतं.

आता बफरकडे, म्हणजे संगणक आवाजाचे जितके नमुने एका वेळी हाताळतो त्या गठ्ठ्याकडे, वळा. सेकंदाला ४८,००० नमुने आणि बफर १२८ ठेवला, तर संगणकाला दर २.७ मिलिसेकंदांनी काम उरकावं लागतं. १०२४ केला की तीच मुदत २१ मिलिसेकंदांची होते. गायकाला संगणकातून फिरून आलेला स्वतःचा आवाज हेडफोनवर ऐकायचा असेल, तर छोटा बफर लागतो. कीर्तनात बुवा मंडपातल्या स्पीकरवरून ऐकतात, संगणक नुसता उतरवून घेतो. तिथे १२८ चा हट्ट कशाला?

म्हणून क्रम असा ठेवा. आधी बफर १०२४ करा. इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर घाला. वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करा, चार्जर लावा, पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’ ठेवा. रिव्हर्ब वगैरे सगळं घरी आल्यावर. तरीही तुटत असेल तर ‘लेटन्सीमॉन’ हा तपासणीचा प्रोग्राम चालवून कोणता ड्रायव्हर अडवतोय ते पाहा.

प्राधान्याचं काम सॉफ्टवेअरवर सोडा. व्हिस्टापासून विंडोजमध्ये त्यासाठी वेगळी सेवा आहे. चांगली रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर फक्त आवाजाच्या कामापुरतं तिच्याकडून वरचं स्थान मागून घेतात, आणि ती सेवाही मुळातच २० टक्के वेळ इतर कामांसाठी राखते. लिनक्सवर जॅक हा ऑडिओ सर्व्हर वापरणाऱ्यांनी ‘ऑडिओ’ गटाला रिअलटाइमची परवानगी द्यावी; रूट होऊन सॉफ्टवेअर चालवू नये. लिनक्सही ५ टक्के वेळ बाकीच्यांसाठी मागे ठेवतं. ही राखीव जागा काढून टाकायला सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

मिक्सरच्या दुसऱ्या आउटपुटला एक छोटा रेकॉर्डर कायम जोडलेला असू द्या. आणि आदल्या दिवशी त्याच वायरी, तोच इंटरफेस लावून चाचणी घ्या. कीर्तन दोन तासांचं असेल तर चाचणीही पुरती दोन तासांची.