पोर उद्याही मैदानात यायला हवं

नोकरीचं पत्र हाती पडल्याचं कळवलंस, फार बरं वाटलं. बी.पी.एड. करून तू आता सड्यावरच्या हायस्कूलात ‘पी.टी.चे सर’ म्हणून रुजू होशील. पहिल्या वर्षी काय सांभाळायचं, असं विचारलंस म्हणून चार गोष्टी सांगतो. यातल्या काही मला माझ्या आधीच्या मास्तरांनी सांगितल्या आणि काही मैदानानेच शिकवल्या.

सगळ्यांच्या मुळाशी कसोटी एकच आहे. कुठलाही निर्णय घेताना मनाशी विचार, की हे केल्यावर पोर उद्याही मैदानात येईल का? येणार असेल तर बेधडक कर. नाहीतर ढाल मिळत असली तरी थांब.

आपल्या रत्नागिरीला खेळाडूंची वाण नाही. खो-खोत ऐश्वर्या सावंत आणि अपेक्षा सुतार, कॅरममध्ये रियाज अकबर अली आणि आकांक्षा कदम यांनी जिल्ह्याचं नाव बाहेर नेलं. पण अशी एखादी मुलगी शोधून काढणं हे तुझ्या कामातलं थोडकं काम. पुढे कधी मोठ्या मैदानावर न जाणाऱ्या बाकीच्या सगळ्या पोरांसाठीही तुझा पगार आहे, हे आधी ध्यानात घे.

पावसाशी भांडू नको

आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस मैदान सोडत नाही आणि नेमक्या ऑगस्ट-सप्टेंबरात तालुक्याच्या स्पर्धा येऊन ठेपतात. त्यात मध्येच गणपती. त्या दिवसांत कोकणातलं पोर घरीच असणार, त्याला सरावाला बोलावणं म्हणजे उगाच वैर घेणं. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात पंचांग आणि शाळेचं वेळापत्रक शेजारी ठेव आणि हाताशी खरोखर किती दिवस उरतात ते मोज. गणपती गेले की सराव करू, असं म्हणणारा मास्तर दर वर्षी पहिल्याच फेरीत हरून येतो.

पावसात व्हरांडा तुझाच. दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार, खो देऊन उठण्या-बसण्याचा सराव, कबड्डीतल्या हातापायांच्या हालचाली, सगळं तिथे होतं. खांबावरची झेप आणि पकडी मात्र फरशीवर कधी नकोत. वर्गात दोन कॅरम बोर्ड आणि बुद्धिबळाचे पट मांड. मैदानात मागे राहणारी कितीतरी पोरं तिथे पुढे येतात.

खो-खोचं पूर्ण मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं. कातळावरच्या शाळेला एवढी सपाट जागा मिळेलच असं नाही. मग एक खांब आणि चार चौरस एवढंच आख. पळत वळायला शिकण्यासाठी तेवढं पुरतं. पाण्याला वाट म्हणून कडेने चर खणून घे, म्हणजे उघडीप मिळाली की त्याच दिवशी मैदान वापरता येईल.

पोर उतरण्याआधी तू एक फेरी मार

रोज सकाळी मैदानाच्या कडेने चाल. गडग्याच्या फटीत, सुट्या दगडाखाली फुरसं असू शकतं. गडग्यापलीकडे गेलेला चेंडू हाताने चाचपून काढायचा नाही, काठीने गवत हलवून मगच काढायचा, हा नियम पहिल्या दिवशी सांग आणि स्वतःही पाळ. दुर्दैवाने दंश झालाच तर जखम कापू नको, चोखू नको, करकचून बांधू नको. पोराला चालवू नको, त्याचा हात किंवा पाय स्थिर ठेव आणि थेट रुग्णालय गाठ. सर्पदंशावरचं प्रतिविष जवळ कुठे मिळतं, ते शाळा उघडतानाच विचारून ठेव. त्या घटकेला चौकशी करायला वेळ नसतो.

पावसाळी चिखलात उघड्या जखमेने खेळू देऊ नको. आपल्या भागात लेप्टोच्या तापाचा धोका असतो. खेळ झाला की साबणाने हातपाय धुवायचे. पुढच्या महिनाभरात कुणाला ताप आलाच, तर चिखलात खेळला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं.

पाऊस परतताना दुपारनंतर गडगडाट सुरू होतो. पहिला आवाज कानी पडला की शिट्टी मार आणि सगळ्यांना वर्गात ने. झाडाखाली कुणालाही थांबू देऊ नको. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. सामना रंगात आलेला असला तरी नाही.

पोटात काय आहे ते विचार

वाडीवरची पोरं पाखाडी उतरून, एसटी पकडून शाळेत येतात. सकाळी कपभर चहा घेऊन निघालेलं पोर चौथ्या तासाला चक्कर येऊन पडतं आणि आपण त्याला आळशी ठरवतो. आधी डब्यात डोकाव. महागडी पावडर कुणाच्या घरी परवडणार नाही आणि तिची गरजही नाही. उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, मूठभर शेंगदाणे नि गूळ, जमलं तर अंडं, यावर पोर चांगलं धावतं. उकाड्याच्या दिवसांत पाण्यात थोडं कोकमाचं आगळ, मीठ आणि साखर घालून बादली तयार ठेव. तहान लागण्याची वाट न बघता घोट घोट पाजत राहा.

कबड्डीत वयोगटाला वजनाची मर्यादा असते. वजन काट्यावर बसावं म्हणून पोरं दोन दिवस उपाशी राहतात, पाणीसुद्धा टाळतात. तुझ्या शाळेत हे होऊ द्यायचं नाही. वजन बसत नसेल तर वरच्या गटात खेळव किंवा या वर्षी बसव. उपाशीपोटी पकड घेणारं पोर स्वतःही जायबंदी होतं आणि समोरच्यालाही करतं.

एखादी मुलगी लवकर दमत असेल तर ओरडण्याआधी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासायला पाठव. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती खरंच घेते का, हेही बघ. त्या गोळ्या कितीदा दप्तरातच पडून असतात.

निवडीच्या दिवशी जपून बोल

संघ जाहीर होतो त्या दिवशी सर्वांत जास्त पोरं मैदान सोडतात. नावं घाईने वाचून निघून जाऊ नको. न निवडलेल्याला बाजूला घेऊन दोन वाक्यांत कारण सांग आणि त्याला काम दे. गुण लिहायला, घड्याळ लावायला, मैदान आखायला, पंचाला मदत करायला माणसं लागतातच. उत्तम पंच यातूनच घडतो.

आठवीत जो धिप्पाड असतो तो दहावीत मागे पडू शकतो आणि आज लुकडा दिसणारा दोन वर्षांत भरतो. म्हणून आठवीतल्या कुणाच्याही नावावर कायमची फुली मारू नको. राखीव खेळाडूला दर स्पर्धेत काही मिनिटं तरी उतरव. वर्षभर बाकावर बसवलेलं पोर पुढल्या जूनमध्ये येत नाही.

शेवटची एसटी बघून सराव ठेव

सरावाची वेळ तू ठरवत नाहीस, वाडीवर जाणारी शेवटची गाडी ठरवते. ती चुकली तर अंधारात पोराला रानातून चालावं लागतं, आणि मुलगी असेल तर दुसऱ्या दिवसापासून घरचे पाठवत नाहीत. म्हणून प्रार्थनेआधीचा अर्धा तास वापर. रोजचा अर्धा तास आठवड्यातून एकदा घेतलेल्या तीन तासांपेक्षा जास्त देतो.

मुलींना बाहेर न्यायचं तर सोबत बाई हव्यातच. शाळेत बाई मोकळ्या नसतील तर एखाद्या मुलीच्या आईला विनंती कर. जादा कपडे आणि सॅनिटरी पॅड्स असलेली एक पिशवी बाईंकडे कायम राहू दे, म्हणजे कुणा मुलीला मागताना अवघडायला नको. पवित्रा सुधारताना हात लावण्याऐवजी स्वतः करून दाखव. लावावाच लागला तर सगळ्यांसमोर आणि आधी सांगून. कुणा एकट्या मुलाला किंवा मुलीला रात्री फोनवर निरोप पाठवायचे नाहीत, जे कळवायचं ते पालक असलेल्या ग्रुपवर. २०१२चा पॉक्सो कायदा नीट वाचून ठेव. तो पोरांच्या रक्षणासाठी आहे, आणि वर सांगितलं तसं वागणारा मास्तरही निर्धास्त राहतो.

बाहेरगावी जाताना

जिल्हा स्पर्धेतून पुढे गेलास की कोल्हापूर विभाग. तिथे सांगली, सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्गचे संघ भेटतात. पहाटे निघून आंबा घाट चढताना पोरं ओकतात आणि रिकाम्या पोटाने मैदानात उतरतात. जमेल तर आदल्या संध्याकाळी पोहोच.

आता मोठ्या स्पर्धांत खो-खो आणि कबड्डी मॅटवर होतात. लाल मातीत अनवाणी वाढलेल्या पोराचं कातडं मॅटवर सोलून निघतं आणि वळताना अंदाज चुकतो. बूट घालून खेळायची सवय महिनाभर आधी लाव. धावणाऱ्या पोरांना एकदा डेरवणचं क्रीडासंकुल दाखवून आण. कृत्रिम धावपट्टी पहिल्यांदा स्पर्धेच्याच दिवशी पाहिली की पोर बावरतं.

एसटीचा पास घर ते शाळा एवढाच चालतो, स्पर्धेच्या प्रवासाला पैसे लागतात. गावाचं मुंबई मंडळ असतं, माजी विद्यार्थी असतात. चाकरमानी शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी आले की त्यांच्याकडे शब्द टाक, स्पर्धेच्या आदल्या रात्री नको. आलेला पैसा तुझ्या खिशात नाही, मुख्याध्यापकांमार्फत पावती करूनच घ्यायचा.

हरल्या दिवशी भाषण नको

परतीच्या गाडीत चुका मोजू नको. पोरांना पोटभर खायला घाल, झोपू दे. चूक दुसऱ्या दिवशी मैदानात, हालचाल करून दाखवायची. पालकांच्या, मुख्याध्यापकांच्या देखत कुणा एकाच्या माथी पराभव मारू नको. जिंकलात तरी सत्कारात फक्त कर्णधाराचं नाव नको.

लागलं तर

कातळावर गुडघे फुटायचेच. स्वच्छ पाणी आणि साबणाने खडे निघेपर्यंत धू, मग पट्टी बांध, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का विचार. घोटा मुरगळला तर तेलाने चोळायचं नाही, शेकायचं नाही. फडक्यात बर्फ गुंडाळून लाव आणि पाय उशीवर उंच ठेवून बसव. डोक्याला मार लागला तर पोर कितीही ‘सर, बराय’ म्हणालं तरी त्या दिवशी परत उतरवायचं नाही. उलटी, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला की लगेच रुग्णालय. घरी कळवायचा फोन तू स्वतः कर, दुसऱ्याच्या तोंडून जाऊ देऊ नको. विद्यार्थ्यांच्या अपघातासाठी सरकारची सानुग्रह योजना आहे. तिला कागद लागतात, म्हणून काय झालं ते त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेव.

घराचा उंबरठा ओलांड

बाप मुंबईला, घरात आई आणि आजी, अशी कितीतरी घरं भेटतील. संमतीपत्र पाठवून सही मागण्यापेक्षा एकदा घरी जा, ओटीवर बस, चहा घे. आजीचा ‘हो’ मिळाला की बापाचा मिळतो.

दहावीत ‘आता खेळ बंद’ असं घरचे म्हणतीलच. हट्टाला पेटू नको. रोज किती वेळ आणि कुठल्या तारखेपर्यंत, ते ठरवून दे आणि ती तारीख पाळ. खेळाडूंना बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण असतात, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण असतं. हे जरूर सांग, पण नियमात बसेल तेवढंच. गुणांचं आमिष दाखवून आणलेलं पोर गुण हुकले की खेळालाच शिव्या देतं.

कागद हा खेळाचाच भाग

वयोगट १ जानेवारीच्या हिशेबाने मोजतात. जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख, आधार आणि प्रवेशिका जूनमध्येच ताडून बघ. स्पेलिंगच्या एका अक्षरावरून संघ बाहेर बसतो. प्रत्येक प्रमाणपत्राची प्रत शाळेत ठेव. नोकरीच्या वेळी त्याची पडताळणी होते आणि तोवर मूळ कागद घरच्या पत्र्याच्या पेटीत वाळवीने खाल्लेला असतो. वय चोरायला कुणीही सांगितलं, अगदी गावचा पुढारी आला, तरी नाही म्हण. त्या एका चोरीने वयात बसणारं दुसरं पोर घरी बसतं.

आणि तू स्वतः

पी.टी.च्या तासावर सगळ्यांचा डोळा असतो. गणिताचा भाग राहिला, घ्या पी.टी.चा तास. निवडणुकीचं काम आलं, पाठवा पी.टी.च्या सरांना. भांडत बसू नको. तास द्यावा लागला तर बदल्यात कुठला मिळणार ते वेळापत्रकावर लिहून घे. क्लार्क आणि शिपाई यांच्याशी दोस्ती ठेव, चुना आणि प्रवेशिका त्यांच्याच हातात असतात.

तरीही तुझे कितीतरी दिवस बाहेरच्या कामात जातील, उद्या बदलीही होईल. त्यासाठी नववीतल्या एका मुलाला आणि एका मुलीला पहिल्याच आठवड्यात हजेरीची वही, साहित्याच्या खोलीची किल्ली आणि सरावाचा कागद नेमून दे. धोक्याचं काही करायचं नाही आणि कुणीतरी शिक्षक नजरेच्या टप्प्यात हवेत, एवढी अट घाल. महिन्यातून एकदा मुद्दाम स्टाफरूममध्ये बसून राहा आणि पोरं आपापली मैदानात जातात का बघ. गेली नाहीत, तर शिकवण्यात काय कमी पडलं ते त्यांनाच विचार आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात कर.