मोठी टीम नको रे बाबा!

१९९२ साली बेसबॉलचा पिचर ग्रेग मॅडक्सला न्यूयॉर्क यांकीजने ३.४ कोटी डॉलर देऊ केले. पठ्ठ्या २.८ कोटींवर अटलांटाकडे गेला! वेडा? १९९५ ला अटलांटाच वर्ल्ड सिरीज जिंकली.

रणजीतली यांकीज म्हणजे मुंबई, ४२ वेळा विजेती. पण जागा अकराच ना! मॅच मिळाली तर रन्स, रन्स झाले तर सिलेक्शन, एवढं साधं गणित. अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये गोव्याकडे गेला आणि पहिल्याच रणजी मॅचला १२० काढले. कर्नाटकचा करुण नायर २०२३ मध्ये विदर्भात आला. २०२४-२५ च्या रणजीत त्याचे ८६३ रन्स, विदर्भाला करंडक, आणि २०२५ मध्ये तो परत टेस्ट टीममध्ये.

अर्थात आपल्या असोसिएशनची एनओसी लागते. यशस्वी जयस्वालने २०२५ मध्ये गोव्यासाठी ती मागितली आणि पुढच्याच महिन्यात विनंती मागेही घेतली. मुंबई सुटत नाही हो!

मी मंद्रूपला ओपनिंग करायचो. इथे हॉस्टेलच्या टीमचा बारावा गडी, पाण्याच्या बाटल्या नेणारा. शेजारची विंग ओपनिंग देतेय. रूम पार्टनर ‘गद्दार’ म्हणतो. रविवारी मॅच आहे, आज मेसमध्ये सांगून टाकणार, येतो म्हणून.