टोचन करण्याआधी

टाटांचा डायमलर-बेन्झशी ट्रकसाठी करार झाला १९५४ साली, आणि तो संपला १९६९ मध्ये. ट्रकच्या तोंडावरचा तारा गेला, इंजिनाची घडण मात्र टिकली. सहा सिलिंडरचं ‘६९७’ त्याच घराण्यातलं: बोअर ९७ मिलिमीटर, स्ट्रोक १२८ मिलिमीटर, क्षमता ५,६७५ सीसी. हे इंजिन उघडून बांधणारे जुने मिस्त्री अजूनही सापडतात. त्यामुळेच कुठेतरी कुजत पडलेला ट्रक स्वस्तात घ्यायचा मोह सुटत नाही.

कराडकडच्या एका ऊस वाहतूकदाराला तो झाला. गळिताच्या तोंडावर त्याने भंगाराच्या भावात टाटा १२१० उचलला. बॉनेट गायब, एअर क्लीनर कुणीतरी काढून नेलेला, मॅनिफोल्डचं तोंड कित्येक पावसाळे आभाळाकडे वासलेलं. पुलीच्या बोल्टला पाना लावून फिरवलं, तर इंजिन थोडं फिरायचं आणि अडायचं. गंजलंय, म्हणून अडतंय, असं सगळ्यांनी धरून चाललं. मग दुसऱ्या ट्रकने टोचन केलं, गिअर टाकून क्लच सोडला. मागची चाकं फरफटली, आतून एक ‘धप्’ झाला आणि इंजिन फिरायला लागलं. लोक खूश.

अडवणारा गंज नव्हताच, पाणी होतं. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन वर येतो तेव्हा हवा दबते, पाणी दबत नाही. माघार कुणालातरी घ्यावीच लागते आणि बहुतेक वेळा ती कनेक्टिंग रॉड घेतो. तुटला तर निदान कळतं तरी. इथे चार नंबरचा रॉड किंचित वाकला आणि गप्प राहिला.

इंजिन धूर मारतंय म्हणून खोललं. त्या गॅरेजमध्ये, बऱ्याच ठिकाणी होतं तसंच, निघालेला प्रत्येक भाग थेट डिझेलच्या टबात गेला आणि चकचकीत होऊन बाहेर आला. नव्या रिंगा, नवी बेअरिंगं, हेडला व्हॉल्व्ह घासून बसवले, गॅस्केट नवं. पण रॉड सरळ आहेत का, हे कुणी पाहिलं नाही. सीझन अर्ध्यावर आला तोवर निळा धूर पुन्हा सुरू. ऑइल पाण्यासारखं जायला लागलं.

दुसऱ्यांदा खोललं ते कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने. हेड उतरवून त्याने आधी क्रँक हाताने फिरवला. सहा सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन जोडीने वर येतात: एक-सहा, दोन-पाच, तीन-चार. तीन आणि चार शेजारी असल्याने तपासायला सगळ्यात सोपे. दोघे टोकाला आल्यावर त्याने ब्लॉकवर सरळ पट्टी आडवी ठेवली आणि फिलर गेज सरकवला. तीनपाशी पाती अडली, चारपाशी आरामात आत गेली. रॉड आखूड झाला होता, म्हणजेच वाकला होता. चारचा पिस्टन बाहेर काढून त्याने तो न धुताच उजेडात धरला. स्कर्टवर घासल्याची चमक एका बाजूला वर, तर समोरच्या बाजूला खाली, अशी तिरकी उतरलेली. बिग एंडची शेलंही समोरासमोरच्या कडांना खाल्लेली. रॉड बदलला, त्या बोअरला लायनर घातला, क्रँक मोजून ग्राइंड केला आणि अंडरसाइज शेलं बसवली. तिरका चालणारा पिस्टन नव्या रिंगांनी सरळ होत नाही, हे पहिल्या बिलात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

या मिस्त्रीची कामाची रीत उचलण्याजोगी आहे. पडून असलेल्या इंजिनाचे सहाही नोझल तो आधी काढतो, भोकांतून थोडं डिझेल सोडून मुरू देतो आणि मगच पाना लावतो. आत पाणी असेल तर ते भोकातून उडतं, रॉड वाचतो. मेन आणि रॉडच्या कॅपवरचे नंबर बघून, नसतील तर पंच मारून, ज्याची कॅप त्यालाच. पंपाच्या बाबतीत तो फारच कडक. शिळ्या डिझेलने रॅक चिकटून पूर्ण उघड्या जागी अडकला, तर इंजिन चालू होताच बेलगाम पळतं आणि चावी फिरवून थांबत नाही. म्हणून पंप बेंचवर तपासून घ्यायचा आणि पहिल्या स्टार्टला मॅनिफोल्डच्या तोंडापाशी जाड फळी घेऊन एक माणूस उभा करायचा.

टॅपेटसाठी त्याला खुणा लागत नाहीत. फायरिंग १-५-३-६-२-४. सहाचे दोन्ही व्हॉल्व्ह डोलायला लागले, एक बंद होताना दुसरा उघडू लागला, की एकचे टॅपेट लावायचे. पाचला दोनकडे बघायचं, तीनला चारकडे.

इंजिन बांधल्यावर दिवसभर रिकामं चालू ठेवण्याची जुनी पद्धत मात्र त्याला मान्य नाही, आणि ते बरोबरच आहे. भाराशिवाय रिंगा नीट बसत नाहीत, बोअरला चकाकी धरते आणि ऑइल जळत राहतं. ऑइलचा दाब आणि पाण्याचं तापमान बघून गाडी बेताच्या लोडने रस्त्यावर काढलेली बरी.

जुना ट्रक बघायला जाल तेव्हा नोझल काढायचा पाना सोबत न्या. मालक नोझल काढू देत नसेल, तर तिथे बयाणा देऊ नका.